पंगतीची धून

चौसाळा
६ ऑक्टोबर २०२४

सत्ये,

फोनच करणार होते. पण मतीनमियाँ म्हणले, "फोनवर तू सत्यशीलाला बोलूच देत न्हाईस. मग ती काय सांगती ते तुला कळत न्हाई, मग परत फोन लावतीस." नवरा असला तरी खरं बोलतो कधी कधी. म्हणून कागद घेतला. इथं तू मधी तोंड घालू शकत न्हाईस अन् तुझ्या पत्रात मी न्हाई.

पहिली खबर, आमच्या पोरीचं, उज्माचं जमलं. पोरगा धारूरचा, सीताफळाचा व्यापार हाय. पोरगा बोलायला कमी अन् कामाला वाघ. निकाह दोन फेब्रुवारीला, आपल्या शाळेच्या मागच्या मैदानात, जिथं तू माझी वेणी बाकाला बांधलीतीस.

आता काम. अब्बांची पंगतीची धून तुला आठवती का? नाशिकला जाऊन विसरली असशील, म्हणून सांगते. हिकडं चौसाळ्यापासून तलवाड्यापर्यंत ज्या लग्नात अब्बांचा भोंगा, त्या लग्नात जेवणाच्या टायमाला ती धून. सिनेमाची गाणी थांबायची, अब्बा ती मोठी काळी रेकॉर्ड काढायचे, पांढऱ्या ठिपक्यावर सुई टेकवायचे, अन् लोक हात धुवायला उठायचे. "चला जेवायला" असं कुणी म्हणायचंच न्हाई. माझ्या निकाहला वाजली, तुझ्या लग्नाला वाजली. तुझ्या सासरचे लोक नुसते बघत बसलते, त्यांना काय म्हाईत.

तर ते रेकॉर्डचं मशीन उन्हाळ्यात जळालं. मोटरच गेली. अब्बा आता त्र्याऐंशीचे. भोंग्याचं काम कधीचंच मतीनमियाँच्या हातात हाय, पण ती धून तेवढी अब्बा सोताच वाजवत आलेत. उज्मा म्हणती, माझ्या लग्नात ती पाहिजे म्हणजे पाहिजे. मोबाईलवर शोधायला गेलो तर नाव कुणाला म्हाईत? कव्हरवर बर्फातलं एक झाड अन् सगळी रशियन अक्षरं. मी बारकी असताना बीडला रशियन पुस्तकांची गाडी आलती, तवा अब्बानं घेतलेली. गाण्यासाठी न्हाई हां. दुकानदार म्हणला यात बाजे लई हायेत, तर अब्बा म्हणले भोंगा तपासायला बरी.

तू आख्खी नोकरी त्या विमानाच्या कारखान्यात रशियन कागद वाचण्यात घातलीस. कुठला स्क्रू कुठं बसवायचा ते मराठीत लिहीत बसलीस. आता एक काम आमचं कर. रेकॉर्ड माझ्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून एसटीच्या पार्सलनं धाडलीय. तिचं नाव काढ अन् ती पेनड्राईव्हमधी भरून दे. दुपट्टा परत धाड.

तुझी
रुक्की

*

नाशिक
२८ ऑक्टोबर २०२४

रुक्के,

दुपट्टा पोचला, त्यात रेकॉर्डही होती. उज्माला माझे आशीर्वाद. आणि वेणी मी बांधली नव्हती, तू स्वतः मागे टेकून बसली होतीस.

आता शांतपणे वाच, मला खूप सांगायचं आहे.

ही एक सिंफनी आहे. म्हणजे सत्तर-ऐंशी वादक एकत्र बसून वाजवतात ती लांबलचक रचना, चार भागांची, पाऊण तासाची. करणारा आर्सेनी लुगोवोय. त्याचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, आणि रशियातही फारसं कोणी ऐकलेलं दिसत नाही. ख्वाजाचाचांचा पांढरा ठिपका दुसऱ्या भागाच्या तोंडाशी आहे.

आमच्या कॉलनीत मोहनराव म्हणून आहेत, त्यांच्याकडे जुना प्लेअर आहे. त्यांच्याकडे गेले, ठिपक्यावर सुई टेकवली आणि अगदी हात धुवायच्या तयारीनं बसले. आणि काय सांगू, भलतंच काहीतरी सुरू झालं. संथ, खालच्या पट्टीतलं, ओढत ओढत चाललेलं. मला वाटलं मशीन बिघडलं. मोहनरावांनी सगळं तपासलं, मशीन ठीक. मग त्यांनी सहज वेगाचा खटका तेहेतीसवरून पंचेचाळीसवर टाकला आणि आलं की गं आपलं चौसाळं. तीच धून. माझ्या तोंडाला खरोखर पाणी सुटलं. बुंदीचा वास येतोय म्हटलं तर मोहनराव हसायला लागले.

कळलं का काय झालं ते? ही रेकॉर्ड तेहेतीसवर वाजवायची. सिनेमाच्या छोट्या रेकॉर्डी पंचेचाळीसच्या. चाचांच्या मशीनचा तेहेतीसचा खटका मोडलेला होता, तिथं त्यांनी आगपेटीची काडी खोचलेली मला अजून आठवते. म्हणजे त्यांनी ही पहिल्या दिवसापासून पळवली.

कव्हरवरचा बारीक मजकूर वाचला, मग इंटरनेटवर रशियन रेकॉर्डवेड्यांची पानं धुंडाळली. लुगोवोय खेड्यातला. युद्धात त्याचे दोन्ही भाऊ आणि निम्मं गाव गेलं. हा भाग त्यांच्यासाठी लिहिलेला शोक आहे. सरकारी समीक्षक म्हणाले, विजयाच्या काळात एवढं रडगाणं कशाला. एक-दोनदा वाजली, पुढे एक रेकॉर्ड निघाली आणि सगळे विसरून गेले. रुक्के, मी ती चार वेळा ऐकली. इतकं सुंदर काही मी कित्येक वर्षांत ऐकलेलं नाही.

म्हणजे बघ, ख्वाजाचाचांनी सगळ्या तालुक्याला शोकसंगीतावर बुंदी खाऊ घातली. चाचांना सांग, हसतील.

पेनड्राईव्हवर योग्य वेगाची भरली आहे, कारण खरी तीच. रेकॉर्डची दुसरी बाजूही ऐकली. तिच्याबद्दल मी काही सांगणार नाही. ज्या माणसानं रेकॉर्ड कधी उलटीच केली नाही त्यानं ती स्वतः ऐकावी.

दिवाळीचा फराळ पार्सलमध्ये आहे. चकल्या मतीनरावांना मोजून दे.

तुझी
सत्यशीला

*

चौसाळा
१४ नोव्हेंबर २०२४

सत्ये,

ते हसले न्हाईत.

उज्मानं तुझं पत्र मोठ्यानं वाचलं. मी चहा गाळत होते, मला वाटलं पोरगी वाचतीय तर वाचू दे. ती त्या बुंदीपर्यंत आली, सोता खुदुखुदू हसली. अब्बा म्हणले, "पेनड्राईव्ह लाव." मतीनमियाँनी मोठ्या स्पीकरच्या डब्याला लावला. अब्बांनी टोपी काढून हातात धरली अन् सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणले, "ये तो मय्यत का है." मी म्हणलं, असू द्या अब्बा. तर म्हणले, "मेरेकू क्या मालूम था, बेटा." असं दोनदा म्हणले.

दुसऱ्या दिवसापासून एकेक लग्न काढायला लागले. उत्तरेश्वरच्या लेकीचा संसार मोडला, तिथं मी वाजवलंतं. केशरबाईचा नवरा वर्षात गेला, तिथंबी मीच. कुणाला लेकरू झालं न्हाई, कुणाची भावाभावात फाटली, सगळं त्या रेकॉर्डीच्या माथी. म्हणतेत, लोकांनी शुभकामाला बोलावलं अन् मी दारात मय्यत वाजवून आलो. मी म्हणलं, "अब्बा, तुमी सगळ्याच लग्नात वाजवलं. तसं असतं तर निम्म्या जिल्ह्याचं वाटोळं झालं असतं. माझ्या निकाहला बी वाजवलं, जावई बघा, दोन माणसांचं जेवतेत." मतीनमियाँनी बी मान हलवली. पण ऐकतंय कोण.

मशीनवर चादर टाकलीय. मतीनमियाँ जळालेली मोटर भरून आणतो म्हणले तर अब्बा न्हाई म्हणले. उज्माच्या लग्नात ती धून नको, कुठल्याच वेगानं नको. उज्मा म्हणती, धून न्हाई तर मीबी जेवणार न्हाई. आता आजा अन् नात एकमेकांकडं बघत न्हाईत अन् मी मधी.

तुला कावून लिहायचं होतं गं ते? नाव काढ म्हणलं होतं, पेनड्राईव्ह भर म्हणलं होतं. शहाणपण तुझं अन् निस्तरायचं आमी. मला लई राग आलाय तुझा, तो कमी होईपर्यंत पत्र लिहायचं न्हाई असं ठरवलंतं, पण तू सोडून हे सांगू कुणाला?

माझ्या बापाला मी असं कधी बघितलं न्हाई. लोकांच्या घरी आनंद पोचवला एवढीच त्या माणसाची कमाई, अन् तीच त्यांना खोटी वाटायला लागलीय. उज्माच्या लग्नात त्यांनी मान खाली घालून कोपऱ्यात बसू नये, एवढंच मला पाहिजे.

रेकॉर्ड आत्ता परत धाडू नकोस. फोडून टाकतील.

चकल्या चांगल्या झाल्यात.

रुक्की

*

नाशिक
२ डिसेंबर २०२४

रुक्के,

तुझा राग शंभर टक्के बरोबर आहे. मला समजावून सांगायची सवय जडली आहे, समोरच्याला ते हवं आहे का हे मी बघत नाही. चाचांनी टोपी काढून ऐकलं हे वाचून मला हातातला चहा खाली ठेवावा लागला.

गप्प बसवेना, म्हणून मला येतं ते काम केलं. त्या रशियन पानांवर पेर्म गावचे एक निवृत्त रेल्वे इंजिनिअर आहेत, गेन्नादी. लुगोवोयबद्दल जे काही थोडं लिहिलेलं आहे ते त्यांनीच. त्यांना पत्र टाकलं. त्यांनी मला एक जुनं रेडिओचं ध्वनिमुद्रण पाठवलं. रेकॉर्ड निघण्याच्या किती तरी आधीचं, आणि त्यात वादकांपुढे स्वतः लुगोवोय उभा आहे.

मी मोहनरावांकडे जाऊन तिन्ही लागोपाठ ऐकली. आधी रेकॉर्ड तेहेतीसवर, मग पंचेचाळीसवर म्हणजे आपली चौसाळ्याची, मग लुगोवोयची स्वतःची. आणि रुक्के, त्याची स्वतःची ना तुमच्यासारखी पळत, ना रेकॉर्डसारखी रांगत. बरोबर मधली. दमलेला माणूस घरी निघाल्यावर चालतो तशी. गेन्नादी म्हणतात, रेकॉर्ड निघाली तेव्हा लुगोवोय वारला होता, त्या वेळच्या वाद्यवृंद संचालकानं शोक म्हणून ती आणखी संथ केली. म्हणजे मी 'खरी' म्हणून जी तुम्हाला पाठवली, तीही दुसऱ्याच कोणाची होती. ख्वाजाचाचा एका बाजूला चुकले आणि तो संचालक दुसऱ्या बाजूला.

अजून एक आहे. रेडिओवर सुरुवातीला निवेदक प्रत्येक भागाचं नाव वाचतो. रेकॉर्डवर ही नावं नाहीत, वरच्यांनी काढून टाकायला लावली होती. दुसऱ्या भागाचं नाव मराठीत सरळ सांगायचं तर 'पंगतीला'. मी तीनदा मागे नेऊन ऐकलं.

पण ही पंगत कुठली, तेही सांगते. तिकडे माणसाला पुरून आले की सगळे एका लांब मेजाशी बसून जेवतात. ही ती पंगत आहे.

आता तू ठरव. अर्धंच सांगितलं तर चाचांना बरं वाटेल, पण ते खोटं होईल. सगळं सांगितलं तर ते आणखी खचतील की काय, मला कळत नाही. मागच्या वेळी मी न विचारता लिहून मोकळी झाले. या वेळी हे पत्र फक्त तुझ्यासाठी. उज्माच्या हातात देऊ नकोस.

सत्यशीला

*

चौसाळा
२० डिसेंबर २०२४

सत्ये,

राग गेला. कसा गेला ते सांगते, पण पहिल्यापासून सांगू दे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी अब्बा सकाळीच कपडे करून बसलते. म्हणले, तलवाड्याला जायचं. मी म्हणलं, कावून? तर म्हणले, "ती धून पहिल्यांदा मी तिथं वाजवली. बायनाबाईच्या लग्नात. तिची माफी मागून येतो, मग बाकीच्यांचं बघू." बाकीच्यांचं म्हणजे काय, सगळा जिल्हा फिरणार होते की काय. मतीनमियाँनी टेम्पो काढला, मीबी चढले. तुझं पत्र ब्लाऊजमधी तसंच, वाचलेलं पण कुणाला न सांगितलेलं.

बायनाबाई तुला म्हाईत न्हाई. मोठं बागायतदाराचं घर, मालक सुंदरराव एकेकाळी सरपंच होते. आता दोघंबी म्हातारी, ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसलती. अब्बा चढले अन् उभ्याउभीच हात जोडले. सगळं सांगितलं. रेकॉर्ड मय्यतीची निघाली, मला म्हाईत नव्हतं, तुमच्या शुभदिवसाला मी रडणं वाजवलं, माफ करा.

बायनाबाईनं शेंगा बाजूला ठेवल्या. म्हणली, "बसा ख्वाजाभाई. ते रडणं हाय हे मला तवाच कळलंतं."

मी अन् मतीनमियाँ एकमेकांकडं बघाय लागलो.

म्हणली, "माझी आई आदल्या साली गेलती. लग्नाच्या दिवशी सकाळपासून मी पोटात घास घातला न्हवता. बायका म्हणायच्या खा, शुभदिवसाला रडू न्हाई. रडायचीबी चोरी. मग तुमचा भोंगा लागला. वर सगळं नाचत होतं बघा, पण त्यात एक बाजा हाय, खालून येतो, वासराला हाका मारणाऱ्या गाईवानी. तो एकटा रडत होता. मला वाटलं, एवढ्या मांडवात माझ्यासंगं कुणीतरी हाय. मग मला भूक लागली. मी लाडू खाल्ले, दोन."

सुंदररावांनी शेंग सोलता सोलता मान वर केली. म्हणले, "दोन न्हाई, चार. मी बघत होतो."

"तुमी मलाच बघत होता, म्हणून चार दिसले," बायनाबाई म्हणली.

सुंदरराव अब्बांना म्हणले, "ख्वाजा, माफीच मागायची तर त्या दिवशीच्या वरणाची माग. लई खारट होतं." अब्बा म्हणले, ते आचाऱ्याचं काम, माझं न्हाई. अन् मग हसले गं. किती दिवसांनी हसले. हसता हसता डोळे पुसले, मीबी पुसले, मतीनमियाँ टेम्पोत काहीतरी बघायला गेले.

निघताना बायनाबाई म्हणली, "नातीच्या लग्नाला मी येणार. धून वाजली तर जेवणार, न वाजली तर उपाशी परत येणार. बघा बुवा."

येताना टेम्पोत मी तुझं पत्र काढलं अन् सगळं वाचून दाखवलं. काही लपवलं न्हाई. मेज, पुरून आलेली माणसं, जेवण, सगळं. अब्बांनी मेजाचं तेवढं परत वाचायला लावलं. मग म्हणले, "म्हणजे तिकडचा कडू घास."

मलाबी तवाच उमगलं. आमच्यात न्हाई का, मय्यतीच्या घरात चूल पेटत न्हाई, शेजारी खाना आणून बळंबळं खाऊ घालतेत. तुमच्यात सोयरे कडू घास घेऊन येतेत. अब्बा म्हणले, "कडू असो का गोड, घास तो घास. जिते लोग भूखे नको रहना. तो माणूस जेवायलाच बोलवत होता की."

घरी आल्यावर मशीनवरची चादर काढली. मतीनमियाँ मोटर बीडला भरायला देऊन आलेत. वाजवणार का न्हाई ते मात्र अजून बोलत न्हाईत, अन् मी विचारत न्हाई. एवढंच म्हणले, "सत्यशीलाला विचार, त्या माणसानं सोता किती वेगानं वाजवलंय ते मला ऐकायचंय. अन् रेकॉर्ड धाड म्हणावं."

रुक्की

*

नाशिक
१२ जानेवारी २०२५

रुक्के,

तुझं पत्र मी मोहनरावांना वाचून दाखवलं आणि गेन्नादींना रशियन करून पाठवलं. बायनाबाईंचा तो खालचा बाजा कोणता ते मी शोधलं. गेन्नादी म्हणतात, लुगोवोयचा धाकटा भाऊ गावच्या बँडमध्ये तोच वाजवायचा. आता मी त्यात आणखी काही समजावत नाही, बघ सुधारले की नाही.

रेकॉर्ड पाठवते आहे, दुपट्ट्यात. पेनड्राईव्हवर या वेळी तिन्ही भरल्या आहेत. मधली लुगोवोयची, तेवढी चाचांना आधी ऐकव. मशीनवर मात्र ती चाल मिळणार नाही, कारण तेहेतीस आणि पंचेचाळीसच्या मध्ये खटकाच नसतो. तेव्हा लग्नात पेनड्राईव्हच लावा. किंवा पंचेचाळीसवर लावा. लोक जेवले म्हणजे झालं.

गेन्नादींनी एक गोष्ट लिहिली आहे, ती चाचांना जरूर सांग. लुगोवोयची ही सिंफनी गेल्या साठ वर्षांत जगातल्या एकाही सभागृहात वाजलेली नाही. त्यांना वाटत होतं की ती ऐकणारे आता चार-पाच म्हातारे उरलेत, आणि त्यांच्यामागे कोणी नाही. आणि आपल्याकडे ती दर लग्नसराईत, हजार हजार माणसांपुढे वाजत होती. पेर्ममध्ये हे कळल्यावर त्यांनी बायकोला हाक मारली आणि दोघं नकाशावर चौसाळा शोधत बसले. सापडलं नाही, बीड सापडलं. त्यांची विनंती आहे की लग्नात वाजवाल ते मोबाईलवर टिपून पाठवा. आणि ते विचारतात, बुंदी म्हणजे काय.

आता वाईट बातमी. माझ्या मोतीबिंदूची तारीख नेमकी अठ्ठावीसला आली. पुढे ढकलता येत नाही आणि लगेच प्रवास नाही म्हणतात. उज्माच्या लग्नात मी नसणार याचं मला फार वाईट वाटतंय. तिची साडी पार्सलमध्ये आहे. तिला सांग, मावशीच्या वाटची बुंदी तिनं खायची.

सत्यशीला

*

चौसाळा
६ फेब्रुवारी २०२५

सत्ये,

डोळ्याची पट्टी निघाली का? निघाली नसेल तर हे मोहनरावांकडून वाचून घे. त्यांना सांग, अक्षर माझं असंच हाय.

लग्न झालं. पोरगी धारूरला पोचली. घर रिकामं झालंय अन् मी भांडी मोजतेय, दोन मोठे चमचे कुणीतरी नेलेत.

आता धुनीचं. पेनड्राईव्हवरची ती मधली अब्बानं रोज ऐकली. खाटेवर बसून, मांडीवर बोटानं ठेका धरून. गेन्नादीभाईंची गोष्ट सांगितली तर म्हणले, "साठ साल कोणीच न्हाई?" संध्याकाळी मतीनमियाँना म्हणले, "भोंगा तपासून ठेव." मी चुलीकडं तोंड केलं अन् रडून घेतलं.

लग्नाच्या दिवशी निकाह होईपर्यंत मशीन बंद, ते अब्बांचं पहिल्यापासूनचं. निकाह झाला, दुवा झाली, गळाभेटी झाल्या. एका अंगाला मटणाचा खाना अन् दालचा, दुसऱ्या अंगाला शाकाहारी पंगत, वरण-भात, वांग्याची भाजी अन् बुंदी. सगळं तयार होतं. अन् चौसाळ्याचा, तलवाड्याचा एक माणूस उठंना. सगळे भोंग्याकडं बघत बसलेले. धारूरचे लोक म्हणाय लागले, हे जेवायला कावून उठत न्हाईत?

बायनाबाई पुढच्या खुर्चीवर, पदर सावरून, अब्बांकडं बघत होती.

मतीनमियाँनी पेनड्राईव्ह पुढं केला. अब्बानं तो खिशात टाकला. रेकॉर्ड काढली, फुंकली, चकतीवर ठेवली, खटका पंचेचाळीसवर. ठिपक्यावर सुई टेकवली. धून लागली, तीच, पळणारी. माणसं हसायला लागली, हात धुवायला उठली. मला वाटलं, चला, झालं.

तवर अब्बानं बोट काढलं. उजव्या हाताचं मधलं बोट, अन् ते फिरत्या चकतीच्या काठाला हलकंच टेकवलं. दाबलं न्हाई, नुसतं टेकवलं. अन् सत्ये, धून हळू झाली. रडकी न्हाई झाली. त्या लुगोवोयभाईंनी वाजवली तशीच, मधली. दमून घरी चाललेल्या माणसाची. खटका नव्हता ना मधी, तर अब्बाच मधी बसले.

हात धुणारे थबकले. एकमेकांकडं बघितलं, पण बसले. नेहमीसारखी घाई केली न्हाई, हळू बसले, शेजारच्याला जागा करून देत बसले. वाढप्यानं ओरडायचं सोडून हळू आवाजात "भात, भात" केलं. अन् तो खालचा बाजा आला. नेहमी वरच्या धावपळीत दबलेला असायचा, आता सगळ्यांना ऐकू आला. केशरबाई हातात घास धरून तशीच बसली, मग डोळे पुसले अन् खाल्ला. उत्तरेश्वर जेवता जेवता लेकीच्या पाठीवरून हात फिरवत होता. कुणी उठून गेलं न्हाई. कुणी उपाशी राहिलं न्हाई.

उज्मानं सकाळपासून पाणीबी घेतलं नव्हतं. बायनाबाई उठली, बुंदीची वाटी घेतली, नवरीच्या पुढ्यात बसली अन् म्हणली, "आई सोडून जायचंय, रडू तर येणारच. रडत रडत खा. मीबी असंच खाल्लंतं." अन् उज्मा रडत रडत खायला लागली. आधी एक घास, मग सगळी वाटी. मग म्हणली, "मावशीच्या वाटची बी द्या."

मी अब्बांकडं बघितलं. ते नातीकडं बघत होते. बोट तसंच काठाला. मतीनमियाँ म्हणले, "अब्बा, मी धरतो, दुखत असेल." तर म्हणले, "तेरे हात में जोर है, बंद पडेगी." धून संपेपर्यंत बोट काढलं न्हाई. लाल झालंतं. मी त्याला तूप लावलं तर लेकरावानी हात पुढं करून बसले.

मोबाईलवर सगळं टिपलंय, तुला धाडते, तू तिकडं धाड. मधी ताटांचा आवाज हाय, कुणाचं तरी लेकरू रडतंय, सुंदरराव वरण बरं झालंय म्हणून सांगतेत. गेन्नादीभाईला म्हणावं, ते काढू नका. अन् बुंदी काय असती ते लिहून कळायचं न्हाई, पार्सल करू. तिथवर टिकती का तेवढं विचार.

आता शेवटचं. काल मी म्हणलं, अब्बा, दुसरी बाजू लावू का, काय हाय बघू तरी. तर रेकॉर्ड काढून घेतली. म्हणले, "सत्यशीलेनं ती ऐकलीय अन् सांगितलं न्हाई. तिला कळलं कधी बोलायचं न्हाई ते. आता ती आल्यावरच लावायची." मशीनवर चादर न्हाई टाकली, धूळ बसू नये म्हणून नुसता माझा दुपट्टा टाकलाय.

तर डोळा बरा झाला की ये. अब्बांनी रेकॉर्ड उलटी करून ठेवलीय.

तुझी
रुक्की